बंद झालेली गाडी, बंद पडलेली नव्हे!

आमच्या लेडीज हॉस्टेलवर रात्री दोनपर्यंत ज्या चर्चा चालतात त्यात गाड्यांची चर्चा मीच सुरू करते, असा माझ्यावर जुना आरोप आहे. आरोप खरा आहे. मेकॅनिकलच्या अख्ख्या वर्गात आम्ही पाचच मुली, त्यामुळे रूमवर आल्यावर कुणाशी तरी टॉर्कबद्दल बोलावंच लागतं. पण गंमत अशी की या चर्चा करणाऱ्या आपल्यापैकी नव्वद टक्के लोकांच्या नावावर साधी सायकलसुद्धा नसते! या दिवाळीच्या सुट्टीत मात्र मला हीच चर्चा खरे पैसे समोर ठेवून करावी लागली. संपादक मंडळ म्हणालं, ते लिहून काढ, मराठी विभागाला टेक्निकल लेख कुणी देत नाही. मी कॉन्व्हेंटची. 'पावणेपाच' म्हटलं की आधी मनात फोर पॉइंट सेव्हन फाइव्ह करते आणि मग मान हलवते. तेव्हा भाषा सांभाळून घ्या, आकडे मात्र तपासून दिले आहेत.

आमचं घर गडहिंग्लजला. पप्पांचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. घरात एक पंधरा वर्षांची छोटी हॅचबॅक होती, चारजणांना पुरत होती, तक्रार नव्हती. पण जूनमध्ये आज्जीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. खुब्याच्या पेशंटने खूप खाली बसायचं नसतं, गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आमच्या जुन्या गाडीत ती बसायची म्हणजे विहिरीत उतरल्यासारखी उतरायची आणि बाहेर काढायला दोघं लागायची. त्यात कोल्हापूरला दवाखान्यात जायचं म्हणजे एका बाजूने साठ-पासष्ट किलोमीटर. सीट जरा उंच हवी, डिकीत वॉकर मावायला हवा, आणि आजऱ्याकडच्या आमच्या गावच्या रस्त्यावर पोट घासायला नको. म्हणजे कॉम्पॅक्ट एसयूव्हीच!

पैसे होते पाच लाख. तेही धाकट्या भावाच्या ॲडमिशनसाठी ठेवलेल्या एफडीचे. तो आता अकरावीत आहे. पप्पांनी ते माझ्यासमोर ठेवले नाहीत, नुसते म्हणाले, "तू मेकॅनिकलला आहेस. तू बघ. तू हो म्हणशील ती घेऊ." व्हायव्हाला चुकलं तर सर पाच मार्क कापतात. इथे पाच लाख होते!

नवीच का नाही, हा प्रश्न मामाने लगेच विचारला. त्याचं उत्तर मी कॅल्क्युलेटरवर दिलं. धरून चला, नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही ऑन रोड दहा लाखांना पडते. तीन आपले, सात लाख कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता येतो १४,७०० च्या आसपास आणि नुसतं व्याज १ लाख ८२ हजार. जूनमध्ये शाळा उघडताना दुकानात पाय ठेवायला जागा नसते, पण ऑक्टोबरात दुकान माशा मारतं. हप्त्याला ते कळत नाही. म्हणून जुनी.

जुन्यांमध्ये ब्रेझा, नेक्सॉन यांचे भाव ऐकून आम्ही गप्प झालो. मग नाव आलं फोर्ड इकोस्पोर्टचं. त्याच वर्षाची, तेवढंच रनिंग, आणि भाव बऱ्यापैकी कमी. मामा म्हणाला, "कंपनीच पळून गेली ती गाडी? उद्या हेडलाइट फुटला तर अमेरिकेला जाणार का तू?"

मामाला हसण्यासारखं काही नाही, कारण या गाडीचा भाव ठरतो तो याच प्रश्नावर. म्हणून थोडा इतिहास.

२००६ च्या बजेटमध्ये केंद्र सरकारने छोट्या गाड्यांवरची एक्साइज कमी केली. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून आपल्याकडे गाड्यांची शेपटी कापायची पद्धत पडली. (आपल्या चिंचवडच्या प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये 'रिओ' नावाची छोटी एसयूव्ही आणली होती. हॉस्टेलवर विचारून पाहिलं, कुणालाही माहीत नाही!) इकोस्पोर्ट मूळची ब्राझीलची, तिकडे ती २००३ पासून होती. तिची दुसरी पिढी जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली आणि जून २०१३ मध्ये आपल्याकडे विकायला आली. लांबी ३,९९९ मिलिमीटर. एक मिलिमीटरने नियमात बसवलेली! स्टेपनी मागच्या दाराला लटकवलेली, ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर. चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरच्या कारखान्यातून ती नुसती आपल्याकडे नाही, तर २०१८ पासून खुद्द अमेरिकेतही गेली. म्हणजे मामाचं वाक्य उलटं होतं. अमेरिकेतल्या लोकांच्या गाडीवर 'मेड इन इंडिया' आहे.

मग ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डने जाहीर केलं की भारतात गाड्या बनवणं थांबवतोय. साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला, तो व्यवहार जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाला. चेन्नईतही निर्यातीच्या ऑर्डरी संपवून २०२२ मध्ये लाइन थांबली. सर्व्हिस आणि पार्ट्स चालू ठेवू, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि गडहिंग्लजच्या माणसाला बॉनेटच्या आतला एखादा सेन्सर मिळणं वेगळं.

म्हणून मी एक दिवस कोल्हापुरात उद्यमनगरला जाऊन बसले. तिथे एक मिस्त्री आहेत, अनेक वर्षं याच गाड्या खोलतात. त्यांनी चहा पाजून जे सांगितलं ते आपल्या 'इंडस्ट्रिअल मॅनेजमेंट'च्या पुस्तकापेक्षा बरं होतं. पार्ट दोन जातींचे. एक, जे सगळ्यांना सारखे लागतात. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, बेल्ट, सस्पेन्शनचे बुश. हे बनवणारे कारखानदार वेगळेच असतात, फोर्ड नव्हे, आणि रस्त्यावर गाड्या आहेत तोवर त्यांना ते विकायचेच आहेत. त्यात १.५ डिझेल इंजिन हेच फिगो, ॲस्पायर, फ्रीस्टाइललाही होतं, त्यामुळे गिऱ्हाईक आणखी. दुसरी जात म्हणजे जे क्वचित लागतात. हेडलाइट, दरवाजा, बंपर, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. इथे थांबावं लागतं. कधी आठवडा, कधी महिना. "मॅडम, ही गाडी इंजिनाने दगा देणार नाही, ठोकली तर मात्र दारात उभी राहील," हे त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

आता 'इकोस्पोर्ट' म्हणजे एक गाडी नव्हे, चार-पाच वेगळ्या गाड्या आहेत, हे बहुतेक विकणारे सांगत नाहीत. १.० लिटर इकोबूस्ट तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' ठरलेलं. इंजिन सुंदर, पण त्याचा टायमिंग बेल्ट तेलात चालतो. चुकीचं तेल घातलं, किंवा बदलायला उशीर केला, की रबराचे कण सुटतात आणि ऑइल पंपाच्या गाळणीत अडकतात. आधीच्या मालकाने कुठलं तेल घातलं हे देवच जाणे! २०१७ च्या नव्या मॉडेलमध्ये आलेलं तीन सिलिंडरचं १.५ पेट्रोलही बेल्ट तेलातच घेऊन आलं. त्याआधीचं १.५ पेट्रोल चार सिलिंडरचं, साधं, पण त्याच्या ऑटोमॅटिकमध्ये 'पॉवरशिफ्ट' हा ड्राय ड्युअल क्लच गिअरबॉक्स. याच गिअरबॉक्सच्या तक्रारी ज्या पद्धतीने हाताळल्या त्यावरून ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने २०१८ मध्ये फोर्डच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला होता. २०१७ च्या मॉडेलपासून टॉर्क कन्व्हर्टर आला, तो पुष्कळ बरा.

राहिलं डिझेल. १.५ टीडीसीआय, नंतरच्या मॉडेलमध्ये १०० पीएस आणि २०५ न्यूटन मीटर. बेल्ट यालाही आहे, पण कोरडा. बीएस-सिक्स डिझेलला धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो आणि छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की तो चोंदतो. पप्पांचा रोजचा प्रवास दुकान ते घर. म्हणून बीएस-फोर बरी. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरा, घाटात पेट्रोल १३ चं आणि डिझेल १७ चं ॲव्हरेज धरा. किलोमीटरला आठ रुपये विरुद्ध पाच रुपये पस्तीस पैसे. वर्षाला नऊ हजार किलोमीटर म्हणजे साधारण २४ हजारांचा फरक. माझा निर्णय वहीत एका ओळीचा होता: २०१७ च्या शेवटानंतरची, मार्च २०२० च्या आधीची, डिझेल, मॅन्युअल. बाकी फुकट दिली तरी नको.

गाड्या तीन पाहिल्या.

पहिली कोल्हापुरातच, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका ठिकाणी. पांढरी, चकाचक, आतून अत्तराचा वास. तिथला माणूस सगळं मामाकडे बघून सांगत होता. मी प्रश्न विचारला की उत्तर मामाला! मामाला तर स्टेपनी कुठे असते तेवढंच माहीत. मग मी पुढचा सीट बेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढला. पूर्ण, म्हणजे रोज जेवढा ओढतो त्याच्याही पुढे. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट आडवी रेघ. सीटखालचं कार्पेट उचललं तर सीटच्या रेलच्या नटांवर गंज, बाकी गाडी नवी कोरी. आपल्या भागात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर कुणाला सांगायला नकोत. त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन, पुसून, सेंट मारून पुन्हा बाजारात आल्या. पुराचं पाणी इंजिनात गेलेलं समजतं, पण वायरिंगच्या कनेक्टरमध्ये गेलेलं वर्षा-दोन वर्षांनी समजतं. आणि इकोस्पोर्टचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल म्हणजे वर सांगितलेली दुसरी जात. मी पट्टा तसाच बाहेर लोंबकळत ठेवला आणि मामाला म्हटलं, चल.

दुसरी स्वस्त होती, फार स्वस्त. दिल्ली पासिंग. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या आदेशानंतर दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार आली आणि तिथल्या गाड्या वय व्हायच्या आत इतर राज्यांत उतरू लागल्या. यात बेकायदा काही नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी, आपला रोड टॅक्स पुन्हा भरणं, नवा नंबर, हे सगळं धरलं की स्वस्ताई निम्मी होते. तरी बघितली. मी लॅबमधून, रीतसर सही करून, ओबीडी स्कॅनर आणला होता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाइलवर वाचायचं. फॉल्ट कोड एकही नाही! विकणारा खूश. पण त्याच स्कॅनरमध्ये आणखी एक आकडा दिसतो, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तो होता ११. म्हणजे आम्ही यायच्या आधी सकाळीच कुणीतरी पाटी स्वच्छ केली होती. "फोर्ड परत येतेय ताई, भाव वाढणार बघा," असं तो निघता निघता म्हणाला. सप्टेंबर २०२४ मध्ये फोर्डने तामिळनाडू सरकारला पत्र दिलं होतं हे खरं, पण ते चेन्नईचा कारखाना निर्यातीसाठी वापरायचं. त्याने आमच्या दारातल्या गाडीचा हेडलाइट कसा येणार?

तिसरी कराडची. निवृत्त झालेले एक काका, पहिलेच मालक, २०१८ ची डिझेल, टायटॅनियम, रनिंग ७८ हजार. मागणी ५ लाख ४० हजार. आदल्या रात्री फोन करून मी सांगितलं होतं, "काका, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला. गार. थंड इंजिन एका सेल्फला लागलं, पांढरा-निळा धूर नाही. ओबीडीवर कोड नाही, आणि पुसल्यापासूनचे किलोमीटर सहा हजार चारशे. दारांचं रबरी बीडिंग ओढून खालचे स्पॉट वेल्ड पाहिले, कारखान्यातले असतात तसे एकसारखे गोल. मागचं दार बाजूला उघडतं आणि स्टेपनीचं सगळं वजन त्याच्या बिजागऱ्यांवर, शिवाय मागून कुणी ठोकलं तर पहिला धक्का स्टेपनीतून दारालाच. म्हणून दार अर्धं उघडून वरखाली हलवलं. खडखड नाही, फटही वरपासून खालपर्यंत सारखी. (उघडायचं हँडल उजव्या टेललॅम्पमध्ये लपवलेलं आहे. मामा पाच मिनिटं शोधत होता, मी सांगितलं नाही!)

काकांच्याकडे सगळी बिलं फाइलला लावलेली. सुरुवातीला तेही मामाशीच बोलत होते. मी फाइल मांडीवर घेऊन एकेक बिल उलटायला लागले तेव्हा ते खुर्ची सरकवून माझ्याकडे वळले आणि, "काय शोधतेस बाळ?" म्हणाले. "टायमिंग बेल्ट," मी म्हटलं. "तो बदललेला दिसत नाही." काका म्हणाले, अजून किलोमीटर कुठे झालेत. पण रबर किलोमीटरबरोबर वयानेही म्हातारं होतं. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळतो. बेल्टचा खर्च हजारांत, तुटल्याचा लाखाकडे. टायरही मूळचेच. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष. इथे २३१८, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर सात वर्षांचं.

काकूंनी पोहे आणले. पोह्यांवर मी हिशोब मांडला. उद्यमनगरच्या मिस्त्रींनी फोनवर सांगितलं, बेल्ट किट, वॉटर पंप आणि मजुरी मिळून १४ हजार. २०५/६० आर १६ चे चार टायर ३० हजार. म्हणजे ४४ हजार इथेच. दुसरं, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला आणि छोट्या गाड्यांवर १८ टक्के झाला. नव्या गाड्या उतरल्या की जुन्यांनाही उतरावं लागतं. आणि तिसरं तेच, कंपनी नाही. काका म्हणाले, "हे मला माहीत आहे गं. म्हणूनच पाच चाळीस, नाहीतर सहाला दिली असती." मामा म्हणाला पावणेपाच. काका म्हणाले पाचच्या खाली बोलूच नका. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी ४ लाख ९० हजारांवर दोघांनी हात मिळवले. मला वाटतं काकांना गाडी जाण्याचं वाईट वाटत होतं, भावाचं नव्हे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते चालवत नव्हते.

पप्पांना तिथूनच फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "दोन वर्षांनी तुझ्या भावाला पैसे लागले तर ही विकली जाईल का?" खरं सांगायचं तर हाच प्रश्न मला सुट्टीभर टोचत होता. मी त्यांना सांगितलं ते असं: कंपनी गेल्याचा मोठा फटका २०२१ मध्ये बसून गेला, तो पहिल्या मालकाने सोसला, आपण त्यानंतरच्या भावाने घेतोय. दोन वर्षांनी पावणेचार तरी यावेत, असा माझा अंदाज, हमी नाही. पण पाच-सहा वर्षं ठेवली तर पार्ट कमी होत जातील आणि भाव सरळ रेषेत न उतरता धप्पकन उतरेल. म्हणून एक तर दोन वर्षांत विकायची, नाहीतर शेवटपर्यंत वापरायची, मध्ये अडकायचं नाही. पप्पा थोडं थांबून म्हणाले, "बरं. टोकन दे."

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण हॉस्टेलवर मला हेच सगळ्यात जास्त विचारतात. आर.सी. वर बँकेचं नाव चढलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. हेडलाइटचं लक्षात ठेवून मी मिस्त्रींना सांगून ठेवलंय, चांगल्या स्थितीतली जोडी मोडीत निघालेल्या गाडीची मिळाली तर बाजूला ठेवा.

जुनी हॅचबॅक ७० हजारांना गेली, त्यातून बेल्ट, टायर आणि इन्शुरन्स निघालं. आज्जी आता दार उघडून आधी टेकते, मग पाय आत घेते, आपली आपण. मामा म्हणतो चालवायला बरी आहे, पण मारुती ती मारुती. भाऊ रोज विचारतो, ही माझ्या ॲडमिशनची गाडी ना?

काढलेला टायमिंग बेल्ट मी पिशवीत घालून हॉस्टेलवर आणलाय. दातांच्या बुडाशी दोन ठिकाणी बारीक चिरा आहेत, वाकवला की दिसतात. आय.सी. इंजिनच्या सरांनी तो लॅबमध्ये लावायला मागितला आहे. सोमवारी देणार. त्याआधी कुणाला बघायचा असेल तर रात्री जेवणानंतर मेसमध्ये या.